मिलिंद म्हणाला होता

२९ जानेवारी २०२६, गुरुवार. लंडन

बॅग तेवीस किलोच्या वर! पुन्हा उघडली. स्वेटर काढला, लाडू ठेवले. यामिनी ब्रॅम्पटनहून फोनवर ओरडत होती, "आई, माल्टात पण विंटर असतो, स्वेटर घे!" असेल. इथे आज उणे बावीस आहे. सकाळपासून दोनदा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला. उणे बावीसच्या बाईला कुठली थंडी दाखवतात!

(आमचं लंडन ऑन्टॅरिओतलं. नागपूरच्या वहिनीला अठ्ठावीस वर्षांत हे काही पटलेलं नाही. ती अजून लोकांना सांगते, अरुणा बिग बेनजवळ राहते.)

फेब्रुवारीत भूमध्य समुद्रावर कोण जातं, असं लायब्ररीतल्या बायकाही म्हणाल्या. सगळं बंद असतं म्हणे. पण मी काय पोहायला चाललेय? मी निमिषकडे चाललेय.

खरं काय ते इथे तरी लिहावं. दोन वर्षं झाली, माझा मुलगा माझ्याशी धड बोललेला नाही. भांडण नाही, तंटा नाही. दर रविवारी माल्टाहून फोन येतो. "हाउ आर यू, आई?" "मी ठीक. तू?" "गुड, गुड." चार मिनिटं. परक्याची चौकशी करावी तशी. मिलिंद गेला तेव्हापासून हे असं. मिलिंद एकोणीस दिवस हॉस्पिटलात होता आणि निमिषला मी कळवलं अठराव्या दिवशी. तो पोचला तेव्हा त्याचा बाप संपलेला होता.

मिलिंदच म्हणाला होता, कळवू नकोस. ॲडमिट केलं त्या दिवशी, व्हीलचेअरवर बसल्या बसल्या. "त्याची नवी नोकरी आहे, प्रोबेशन आहे. उगाच धावत येईल." मी यामिनीलाही शपथ घातली, दादाला एक शब्द सांगायचा नाही. आपल्या लोकांत हे असंच तर चालतं! परदेशातल्या पोराला दुखणं सांगायचं नाही, बरं वाटलं की मग सांगायचं. बरं वाटलंच नाही.

तर तिकडे माझं एवढंच काम आहे. त्याला समोर बसवायचं आणि सांगायचं – बाबा रे, तो तुझ्या बाबांचा शब्द होता, मी फक्त पाळला. माझ्यावर राग धरू नकोस. ३ मार्चला मिलिंदचं दुसरं वर्षश्राद्ध. त्याआधी हे मिटलं पाहिजे.

३१ जानेवारी, शनिवार. पिअर्सन

टोरंटोच्या विमानतळावर, गेटवर बसलेय. गाडीतून उतरवताना यामिनी म्हणाली, "आई, त्याला नुसती खायला घालत बसू नकोस. बोल." आली मोठी शहाणी!

पण खरं आहे ते.

१ फेब्रुवारी, रविवार. व्हॅलेटा

पोचले! फ्रँकफर्टला गुडघा आखडला होता, तर एका जर्मन बाईने न विचारता माझी बॅग वरून काढून दिली, वर माझी पाठही थोपटली. देव तिचं भलं करो.

निमिष एअरपोर्टवर आला होता. दाढी वाढवलीय. बारीक झालाय. मिठी मारली, पण पाठीवर दोन थापा देऊन सोडून दिली, ऑफिसातल्या माणसाला देतात तशी. "यू मस्ट बी टायर्ड."

मला वाटलं, आता त्याच्या घरी. तर नाही! त्याने माझ्यासाठी व्हॅलेटात वेगळी जागा घेतलीय. तो राहतो पलीकडे स्लीमाला, मधे पाणी, फेरीबोटीने ये-जा. "माय प्लेस इज फोर फ्लोअर्स अप, आई. नो लिफ्ट. युअर नी." गुडघ्याचं निमित्त! सख्ख्या आईला भाड्याच्या खोलीत ठेवतात का? ओठ आवळून बसले. नागपूरला कोणी असं केलं असतं तर अख्ख्या गल्लीला महिनाभर विषय पुरला असता.

पण खोली सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पहिला मजला. पिवळट दगडाच्या हातभर जाड भिंती. रस्त्यावर काढलेली लाकडी बाल्कनी, लाल रंगाची, सगळीकडून काचा लावलेली. तिच्यात उभं राहिलं की उतरत्या गल्लीच्या टोकाला बंदर दिसतं. साडेचारशे वर्षांचे तट आणि खाली राखाडी पाणी. हॉटेलांच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या. रस्त्यात मी, दोन मांजरं आणि वारा. एवढं जुनं, एवढं मोठं गाव, आणि कोणाचा धक्का लागत नाही. मला तर फार आवडलं!

थंडीचं मात्र यामिनीचंच खरं ठरलं. बाहेर चौदा, पण घरात! दगडातून गारवा येतो. हीटिंग म्हणून एक गॅसची शेगडी, चाकांवरची. उणे बावीसची बाई दोन मोजे चढवून, पांघरुणात बसून हे लिहितेय.

२ फेब्रुवारी, सोमवार

घरमालकीण खालीच राहते. डोरिस. एकोणऐंशी वर्षांची. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र बंदरापलीकडे जाईल असा. इंग्लिश छान बोलते, मधूनच माल्टीज. सकाळी दार वाजवून सरळ आत आली. हातात निळ्या काठाचं एनॅमलचं पातेलं. "सूप. तुला थंडी वाजतेय. खाली तुझी पावलं ऐकू येतात, सारखी फिरतेस." पावलांवरून हिला माझी थंडी कळली!

कोबी, बटाटा, मटार, वर एक अख्खं अंडं सोडलेलं आणि पांढऱ्या चीजची गोल वडी. मांस नाही. नाव विचारलं तर म्हणे, विधवेचं सूप. अगं बाई! माझ्या कपाळावर लिहिलंय की काय? तसं तिला म्हटलं तर इतकी हसली की ठसका लागला. "मी पण विधवाच. अकरा वर्षं." शेजारणी देतील ती भाजी घालून गरीब विधवेने करायचं, म्हणून ते नाव, म्हणाली. तिची बहीण टोरंटोला असते, १९६५ पासून. मी तिला ओळखते का, हेही विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर तिला माझंच वाईट वाटलं.

दोन वाट्या सूप प्यायले. पोटात ऊब गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत मला कोणी गरम वाढलं नव्हतं. म्हणजे यामिनी वाढते, पण तिच्याकडे मीच आधी स्वयंपाक करून ठेवते.

पातेलं धुऊन ठेवलंय. आता रिकामं कसं देऊ? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाल – आईने शिकवलेलं. मिलिंद गेला तेव्हा लंडनमधल्या लोकांनी अकरा डबे आणून दिले होते. तेराव्याच्या आत अकराही भरून परत केले मी! यामिनी म्हणाली होती, आई, तू वेडी आहेस.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोहे केले. घरूनच आणलेत, मोहरी-हळदीसकट. पातेलं भरून खाली नेलं. डोरिसने वास घेतला, एक चमचा खाल्ला, "येलो!" म्हणाली. बस. आवडले की नाही, देव जाणे.

दुपारी बाराला धाडकन तोफ! मी बाल्कनीत, हातातला कप खाली. डोरिस खालून ओरडली, "रोज होतं! बस खाली!" तटावरच्या बागेतून रोज बाराला उडवतात म्हणे, पूर्वी जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून. कप तिचाच होता. मी सॉरी म्हणायला गेले तर म्हणाली, त्या तोफेने माझे तीस कप फोडलेत, बायका नव्या असल्या की फुटतातच.

निमिष ऑफिस सुटल्यावर आला. त्याला पोहे, लाडू, चिवडा. सगळं खाल्लं. मी विषय काढणार तेवढ्यात त्याचा फोन. मग म्हणाला, "लास्ट फेरी, आई." डबा भरून दिला. गेला.

यामिनीचा मेसेज – बोललीस? फोन उशीखाली ठेवला.

४ फेब्रुवारी, बुधवार

वारा! फेरी बंद. निमिष आला नाही. डोरिसचं पातेलं मात्र आलं – मॅकरोनी, आत खिमा. झाकण लावून त्याच्याकडे बघत बसलेय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मॅकरोनी निमिषने संपवली, पातेलं खरवडून. त्याला असं खाताना किती दिवसांनी बघितलं! मी रव्याचा शिरा केला आणि पातेलं पुन्हा खाली. पाठोपाठ डोरिसकडून सुकी अंजिरं वर. मी लाडू खाली. निमिष जिन्यात उभा राहून बघत होता. "आई, व्हॉट इज धिस? टेनिस?" मी म्हटलं, रीत आहे. म्हणाला, "शी इज सेव्हंटी नाइन. यू आर किलिंग हर." पण हसला थोडा. ओठाच्या कोपऱ्यातून. तेवढ्यावर माझा दिवस गेला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हट्टाने त्याचं घर बघायला गेले. फेरीत मी, एक नन आणि दुधाचे क्रेट. स्लीमाला उतरले, पत्ता शोधला, आणि जिना चढायला लागले. पहिला मजला. दुसरा मजला – गुडघा बोंबलला. तिथेच पायरीवर बसले. वरून निमिष धावत आला. "आय टोल्ड यू!" खरंच चार मजले. खरंच लिफ्ट नाही. पायऱ्या अशा की मांजरही विचार करून चढेल. त्याने वरून खुर्ची आणली, मला लँडिंगवर बसवलं, आणि आम्ही दोघांनी जिन्यातच कॉफी घेतली.

म्हणजे व्हॅलेटातली खोली त्याने खरोखर माझ्या गुडघ्यासाठी घेतली होती. पहिला मजला हवा, आईला बंदर दिसलं पाहिजे, खाली कोणीतरी बाई असली पाहिजे – तीन आठवडे शोधत होता, हे डोरिसने मागाहून सांगितलं. आणि मी पाच दिवस ओठ आवळून! किती कोत्या मनाची आहे मी. त्याला सरळ थँक यू म्हणावं तर तेही होईना. "कॉफी चांगली झालीय" म्हटलं.

उद्या त्याला सुट्टी. उद्या नक्की बोलणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

छोट्या लाकडी होडीने पलीकडच्या बिर्गूला नेलं मला. प्रवासी आम्ही दोघंच. उन्हाळ्यात इथे रांगा लागतात, होडीवाला सांगत होता, आणि आज त्यालाच कंटाळा आला होता म्हणून तो आम्हाला सगळे किल्ले दाखवत हळूहळू घेऊन गेला. ऊन पडलेलं. उतरताना निमिषने हात दिला आणि लगेच सोडला नाही. म्हटलं, हाच मुहूर्त.

धक्क्यावर एकच दुकान उघडं. इथे चहा काचेच्या पेल्यात देतात, दाट दूध घालून, आपल्या टपरीवरच्यासारखा! बरोबर गरम पेस्टिझी, म्हणजे आपल्या खारीच्या आत पनीर भरावं तसं काहीतरी. मी एक घोट घेतला आणि सुरू केलं. तालीम झाली होती. म्हटलं, "निमिष, तुला कळवलं नाही तो बाबांचा शब्द होता. मी पाळला. तू माझ्यावर –"

त्याने पुरतं बोलूच दिलं नाही. "आई, आय नो. यू टोल्ड मी दॅट डे. आय्म नॉट मॅड ॲट यू. आय नेव्हर वॉज."

मग कोणावर?

त्याने पाण्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "ही कुड हॅव आस्क्ड फॉर मी. वन्स."

पुढचं मराठीतच लिहिते, इंग्लिशमध्ये ते जास्त टोचतं. म्हणाला, एकोणीस दिवस होते त्यांच्याकडे. एकदाही त्यांना वाटलं नाही मला बोलवावं. ठीक आहे, त्यांनी ठरवलं. मला ते लागलं आई, पण आता मी सोडून दिलंय. तुझा फोन आला की तू बाबांचं काहीतरी बोलशील अशी भीती वाटते, म्हणून मी पटकन ठेवतो. मार्चमध्ये मी येणार नाही. ज्यांना मी नको होतो, त्यांच्या श्राद्धाला मी कशाला?

हे सगळं अगदी शांतपणे. आवाज चढवला नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मुलगा माझ्यावर रागावलेला नाही! यासाठीच तर समुद्र ओलांडून आले होते. चहा निवला. मी माझी पेस्टिझी खाल्ली. मग त्याचीही खाल्ली.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर चर्चच्या घंटा वाजतायत. मिलिंदवर राग! ज्या माणसाने या पोराला सायकल शिकवताना स्वतःचं मनगट मोडून घेतलं, त्याच्यावर! लिहवत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल डोरिसने पातेल्यातून संत्री पाठवली होती, तिच्या भाचीच्या झाडाची. इतकी रसाळ की मी सिंकपाशी उभी राहून चार खाल्ली. आज भरली वांगी करून खाली नेली. तिने झाकण उघडलंच नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरुणा, मी काही आणलं की तुझा चेहरा परीक्षेचा पेपर हातात आल्यासारखा होतो. का?"

मी सांगितलं, आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत.

"छान पद्धत आहे. पण मी तुझी परीक्षा घेत नाहीये. मी सूप आणलं कारण तू कुडकुडत होतीस. तू दुसऱ्या दिवशी ते पिवळं आणलंस कारण तुला माझं सूप डोक्यावर नको होतं. बरोबर? माझा नवरा गेला तेव्हा मी अशीच होते. अख्ख्या गल्लीला केक खाऊ घातले. ओव्हन थंडच होऊ देत नव्हते. ओव्हन बंद केला असता तर बसावं लागलं असतं ना!"

बाई आहे की एक्सरे मशीन! बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली मी, इतक्या लवकर निदान कुठल्या डॉक्टरला करताना पाहिलं नाही.

तिने मला हाताला धरून बसवलं. वांगी आम्ही दोघींनी तिथेच खाल्ली, तिच्या कडक सालीच्या पावाबरोबर. तिच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी थांबेना! मग तेच पातेलं धुऊन तिने त्यात घेवड्याची उसळ भरली – लसूण, ऑलिव्हचं तेल, आणि वर मूठभर पार्सली. माझ्या हातात दिलं. "खा. धू. परत आण. आत काही घालून आणलंस तर तुझी गॅसची शेगडी काढून घेईन."

उसळ खाल्ली. पातेलं धुतलं, पुसलं, खाली नेलं. रिकामं! चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा. जिन्यात दोनदा थांबले, साखरेची पुडी आणायला माघारी वळणारच होते. डोरिसने पातेलं घेतलं, खिळ्याला अडकवलं, थँक यू म्हणाली. मी पण थँक यू म्हटलं. झालं! आकाश कोसळलं नाही. उलट खूप हलकं वाटलं. कोणी काही दिलं आणि मी ते घेतलं, एवढंच. आईला हे पटलं नसतं, पण आईला डोरिस भेटली नव्हती.

वर आले. करायला काही नव्हतं. मग बसावंच लागलं. दुपारपासून बसलेय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

संत पॉलचा सण! दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचं जहाज या बेटाजवळ फुटलं, अशाच हिवाळी वाऱ्यात, आणि इथल्या लोकांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना ऊब दिली. डोरिस हे अशी सांगते, जणू लाकडं तिच्या आजीने आणली होती. माझा विश्वास बसतो. मलाही शेगडी याच घरात मिळाली.

एरवी ओस पडलेलं गाव आज कुठून एवढं भरलं! लाल मखमली पताका, बँड, नवे कोट घातलेली म्हातारी माणसं. हे टुरिस्टांसाठी नाही, घरचं कार्य आहे. आणि मलाही घरच्यांत बसवलेलं! डोरिसने महिनाभर कागद फाडून पोतं भरून ठेवलं होतं. निमिषला सुट्टी होती, तोही आला. आम्ही तिघं बाल्कनीत. पुतळा खांद्यावर घेऊन माणसं गल्लीत वळली आणि डोरिस ओरडली, "नाऊ!" – आणि सगळ्या बाल्कन्यांतून कागद! रस्ता दिसेना, आकाश दिसेना. माझ्या तोंडात कागद, निमिषच्या दाढीत कागद. डोरिसने उरलेलं पोतं त्याच्याच डोक्यावर रिकामं केलं.

निमिष हसला. मोठ्याने, मान मागे टाकून, खांदे हलवत. हुबेहूब मिलिंद! माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी बाबांसारखा हसतोस."

त्याने हसणं बंद केलं. नळ बंद करावा तसं. मग खाली वाकून कागद गोळा करायला लागला.

देवाने आज एवढं दिलं. बाल्कनी दिली, सण दिला, डोरिस दिली, मुलगा शेजारी उभा केला. आणि त्या मुलाला बापाचं हसू अंगावर नको झालंय. हे माझ्यामुळे. दुसऱ्या कोणामुळे नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल दुपारी निमिषला सांगितलं. आता इथेही लिहिते, कारण या वहीलाही मी अर्धंच सांगितलं होतं.

"कळवू नकोस" हे मिलिंद पहिल्या दिवशी म्हणाला. खरं आहे. पण बाराव्या दिवशी तो म्हणाला, "निमिषला बोलाव." तेराव्या दिवशी मास्क बाजूला करून पुन्हा. पंधराव्या दिवशी माझं मनगट धरून. मी म्हटलं, केलाय फोन, येतोय तो. केला नव्हता. मला रिपोर्ट वाचता येत होते. पण परदेशातून पोराला बोलावलं म्हणजे संपलं, हे मिलिंदलाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्याने तो फोन झाला नाही. अठराव्या दिवशी केला, तेव्हा मिलिंद शुद्धीत नव्हता. तोवर तो दाराकडे बघत होता.

निमिषने सगळं ऐकलं. "ही आस्क्ड फॉर मी?" "तीनदा." नेमके शब्द विचारले. सांगितले. पुन्हा विचारले, पुन्हा सांगितले. मग जॅकेट उचललं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

उद्या विमान. आत्ता यामिनीचा मेसेज आला – "दादाने बाबांचे फोटो मागितलेत. असतील नसतील तेवढे सगळे पाठव म्हणतोय. आई, काय झालं तिकडे?"

मला अजून त्याचा फोन नाही. नसेना का! उपकार आहेत रे देवा तुझे.